खिशातील पिस्तूल

अंगावरील वस्त्राच्या खिशात मावेल आणि बाहेरून सहसा ओळखू येणार नाही, अशा बेताने बनविलेले आखूड नळीचे व हलके पिस्तूल. एकबारी वा दुबारी पिस्तूल, फिरत्या दंडगोलाचे रिव्हॉल्व्हर आणि मुठीतील काडतूसपेटीवर (मॅगझीनवर) चालणारे अर्धस्वयंचलित पिस्तूल हे तिन्ही प्रकार या संज्ञेत येतात. सैनिकाचे पिस्तूल कमरेच्या पट्ट्यास उघडपणे लावलेले असते. त्यामुळे त्याच्या आकारमानावर फारसे बंधन नसते. खिशातील पिस्तुलाची लांबी मात्र सामान्यतः ११ ते १७ सेंमी. व वजन सु. २०० ते ६०० ग्रॅ. एवढ्या मर्यादेत ठेवावे लागते. स्वसंरक्षणासाठी परवानाधारक नागरिक आणि साध्या वेशातील पोलीस त्याचा वापर करतात. ज्या देशांत शस्त्र झाकून बाळगण्यास कायद्याने मुभा आहे, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, त्याचा प्रसार सर्वांत अधिक आहे.

शस्त्र लहान केले, की ते बाळगणे सोपे होते. परंतु नेमक्या त्याच कारणाने ते चालविणे अवघड होते. नळी आखूड झाली म्हणजे गोळीचा वेग घटतो, वजन कमी झाले म्हणजे हाताला बसणारा धक्का वाढतो, मूठ लहान झाली म्हणजे पकड सुटते आणि चाप खिशातील वस्तूंच्या सान्निध्यात आल्याने अपघाताचा संभव वाढतो. या प्रकारच्या पिस्तुलांचा सर्व इतिहास आणि त्यांच्या निवडीचे सर्व निकष या एका परस्परविरोधाभोवती फिरतात.

इतिहास : चकमकीच्या गारेने बार उडविणारी लहान पिस्तुले यूरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत प्रवासी व श्रीमंत लोक बाळगीत. ती अंगरख्याच्या खिशात किंवा स्त्रियांच्या हात गरम ठेवण्याच्या लोकरी आवरणात मावत. काहींचा चाप दुमडून आत बसविण्याची सोय असे. तथापि पात्रातील सुटी दारू खिशात दमट होई वा सांडे, त्यामुळे ऐन वेळी बार उडेलच अशी खात्री नसे. अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याच्या उपयोगाचे एकस्व (पेटंट) १८०७ मध्ये घेतले व पुढे तांब्याच्या टोपीची रचना प्रचारात आली. त्यामुळे भरलेले पिस्तूल खिशात दीर्घकाळ बाळगणे प्रथमच व्यवहार्य झाले.

फिलाडेल्फिया येथील कारागीर हेन्री डेरिंजर (१७८६–१८६८) यांनी अशा टोपीदार, एकबारी, आखूड पण मोठ्या व्यासाच्या पिस्तुलांना लौकिक मिळवून दिला. त्यांची इतकी नक्कल झाली, की किंचित बदललेल्या वर्णाक्षरांसह त्यांचे आडनाव हेच या प्रकाराचे सामान्यनाम बनले. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ याने राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली, ती डेरिंजर यांच्या सु. १५ सेंमी. लांबीच्या पिस्तुलातूनच. त्यात एकच बार असल्यामुळे बूथने सोबत सुराही बाळगला होता. या पिस्तुलाची मर्यादा त्यावरून लक्षात येते. एकावर एक अशा दोन नळ्यांचे व ०·४१ इंच व्यासाच्या काडतुसाचे रेमिंग्टन दुबारी पिस्तूल १८६६ मध्ये निघाले व १९३५ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते.

दरम्यान सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले होते. त्यांच्या कारखान्याने १८४९ च्या नमुन्याची ०·३१ इंच व्यासाची खिशातील रिव्हॉल्व्हरे तीन लाखांहून अधिक बनविली. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये ०·२२ इंच व्यासाच्या धातूच्या काडतुसाचे सात बारांचे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यामुळे दारू, गोळी व टोपी वेगवेगळी भरण्याचा खटाटोप संपला. याच कंपनीच्या १८८७ च्या नमुन्यात घोडा चौकटीच्या आत झाकलेला होता आणि मूठ घट्ट दाबल्याखेरीज चाप ओढला जाणार नाही अशी योजना होती. वस्त्रात न अडकणे आणि नकळत न उडणे या दोन्ही गरजांचा विचार त्यात एकत्रितपणे झालेला दिसतो.

धूरविरहित दारूच्या शोधानंतर (१८८४) अर्धस्वयंचलित पिस्तुले शक्य झाली. जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकाच्या आराखड्यांवरून बेल्जियममधील एफ्एन् कारखान्याने १९०० मध्ये ०·३२ इंची व पुढे ०·२५ इंची (६·३५ मिमी.) पिस्तूल काढले. दुसऱ्याची लांबी सु. ११·४ सेंमी. व वजन सु. ३७० ग्रॅ. असून ते बंडीच्या खिशात मावे. ब्राउनिंग यांचे ०·३८० इंची काडतूस १९०८ मध्ये आले. यूरोपात ते ‘आखूड ९ मिमी.’ या नावाने ओळखले जाते. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्ट्स फर्डिनांट यांच्यावर एफ्एन्च्या १९१० च्या नमुन्यातून आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्ली येथे महात्मा गांधींवर बेरेट्टाच्या १९३४ च्या नमुन्यातून ज्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच काडतुसाच्या होत्या. रक्षणाच्या हेतूने लहान केलेले शस्त्र गर्दीत कोणाच्याही नजरेस न पडता लक्ष्याच्या अगदी निकट नेता येते, ही या पिस्तुलाची दुसरी बाजू होय.

जर्मनीतील वॉल्टर कंपनीने १९२९ मध्ये पीपी व त्यानंतर लवकरच त्याहून लहान पीपीके हा नमुना काढला. त्यात पहिल्या बाराला चाप लांबवर ओढल्याने घोडा आपोआप उचलला जाऊन पडत असे. त्यामुळे घोडा खाली असताना पिस्तूल भरून बाळगणे तुलनेने सुरक्षित झाले. अमेरिकेत कोल्टचे सहा बारांचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ (१९२७) व स्मिथ अँड वेसनचे पाच बारांचे ‘चीफ्स स्पेशल’ (१९५०) ही ०·३८ इंची रिव्हॉल्व्हरे साध्या वेशातील पोलिसांत रूढ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस बहुवारिकाच्या (कृत्रिम प्लॅस्टिकाच्या) चौकटींमुळे वजन आणखी घटले. केल-टेक कंपनीचे ०·३२ इंची पिस्तूल (१९९९) रिकामे असताना २०० ग्रॅमहूनही हलके होते. रुगर कंपनीचे ०·३८० इंची एलसीपी (२००८) सु. १३ सेंमी. लांब व सु. २७० ग्रॅ. वजनाचे होते. २०१८ मध्ये आलेल्या सिग सॉअर कंपनीच्या पी३६५ या नमुन्यात ९ मिमी.ची दहा काडतुसे सु. अर्धा किग्रॅ. वजनाच्या पिस्तुलाच्या पेटीत बसविण्यात आली.

काडतूस : निवडीचा पहिला प्रश्न काडतुसाचा असतो. कारण पिस्तुलाचे आकारमान त्यावरच ठरते. प्रमाणित नळीतून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा ०·२५ इंची काडतुसात सु. ८५ जूल, ०·३२ इंचीत सु. १७५ जूल, ०·३८० इंचीत सु. २६० जूल, ०·३८ स्पेशलमध्ये सु. २७० जूल व ९ मिमी. पॅराबेलममध्ये सु. ४९० जूल असते. नळी ५ ते ७ सेंमी. एवढीच असल्यास हे आकडे आणखी खाली येतात, कारण दारूचे वायू गोळीला पूर्ण गती देण्यापूर्वीच ती नळीबाहेर पडते. मायामी येथे १९८६ मध्ये झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेने (एफ्बीआय्) जिलेटीनच्या ठोकळ्यात गोळी किमान सु. ३० सेंमी. शिरावी असा दंडक स्वीकारला. आघाताने फुलणाऱ्या गोळ्या वापरल्यास लहान काडतुसांना हा दंडक पुष्कळदा गाठता येत नाही. कमी वेगामुळे काही गोळ्या फुलतही नाहीत. म्हणून ०·३८० इंची व ०·३८ स्पेशल ही खिशातील पिस्तुलाच्या दृष्टीने किमान समाधानकारक काडतुसे होत, असे अनेक तज्ञ मानतात. उलटपक्षी, ज्याला धक्का सोसत नाही त्याने ०·३२ किंवा ०·२२ इंची काडतुसाने अचूक नेम साधणे हे मोठ्या काडतुसाने चुकण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. शिवाय चुकलेली गोळी कोठेतरी जातेच आणि तिची जबाबदारी झाडणाऱ्यावर असते.

वजन व धक्का : गोळी पुढे जाताना पिस्तूल तितक्याच संवेगाने मागे ढकलले जाते. ०·३८० इंची काडतुसातील ६·२ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. २९० मी. वेगाने सुटली, तर (दारूच्या वायूंचा भाग सोडून) ६०० ग्रॅ. वजनाचे पिस्तूल सेकंदास सु. ३ मी. वेगाने मागे येते व हाताला सु. २·७ जूल ऊर्जा सोसावी लागते. पिस्तुलाचे वजन निम्मे, म्हणजे ३०० ग्रॅ. केले, तर वेग दुप्पट होतो व ऊर्जाही दुप्पट, म्हणजे सु. ५·४ जूल होते. धक्क्याने नेम ढळतो व दुसरी गोळी झाडण्यास विलंब लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सराव नकोसा होतो. दुकानात हातात घेतल्यावर जे पिस्तूल सर्वांत हलके म्हणून आवडते, त्याचाच सराव पुढे सर्वांत कमी होतो, असा अनुभव आहे. भरलेल्या पिस्तुलाचे वजन निराळे असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. ०·३८ स्पेशलची पाच काडतुसे सु. ७५ ग्रॅ. भरतात.

नेम : पिस्तुलाच्या पुढील टोकाची माशी व मागील खाच यांत जितके अंतर कमी, तितकी नजरेची चूक लक्ष्यावर मोठी होते. हे अंतर १५ सेंमी. असताना माशी एक मिमी. बाजूला राहिली, तर ७ मी. अंतरावर गोळी सु. ४·७ सेंमी. चुकते, अंतर ९ सेंमी. असल्यास सु. ७·८ सेंमी. चुकते. वस्त्रात अडकू नये म्हणून पुष्कळ पिस्तुलांत माशी व खाच अगदी बारीक ठेवलेली असते. अंधुक प्रकाशात ती दिसतही नाही. यामुळे खिशातील पिस्तूल हे काही पावलांच्या अंतरावरचेच शस्त्र समजले जाते.

रचनेची निवड : रिव्हॉल्व्हर व अर्धस्वयंचलित पिस्तूल यांपैकी कोणते घ्यावे, हा जुना वाद आहे. रिव्हॉल्व्हरची रचना समजण्यास सोपी असते, ते भरले आहे की रिकामे हे दंडगोल उघडताच दिसते आणि एखादे काडतूस न फुटल्यास चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. घोडा झाकलेला असल्यास ते वस्त्रात अडकत नाही व प्रसंगी खिशातूनही झाडता येते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा वरचा सरकता भाग (स्लाइड) मात्र कापडात अडकून पहिल्या बारानंतर बंद पडू शकतो. रिव्हॉल्व्हरचे दोष म्हणजे दंडगोलाची जाडी, पाच-सहाच बार, पुन्हा भरण्यास लागणारा वेळ आणि सु. ५ ते ६ किग्रॅ. ताकदीने ओढावा लागणारा चाप. हाच जड चाप एका अर्थी त्याची सुरक्षाही असतो.

अर्धस्वयंचलित पिस्तूल चपटे असल्याने खिशात कमी फुगवटा दिसतो, त्यात काडतुसे अधिक मावतात व पेटी बदलून ते झटकन भरता येते. परंतु स्लाइड हलकी असल्याने तिच्यामागील स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. वृद्ध अथवा संधिवाताने हात अधू झालेल्या व्यक्तींना ती मागे ओढणे कठीण जाते. बेरेट्टा कंपनीने १९५२ च्या नमुन्यात नळी मागील टोकाकडून वर उचलून तीत थेट काडतूस घालण्याची सोय केली, ती हीच अडचण दूर करते. मनगट सैल राहिल्यास स्लाइडचा फेरा अपुरा राहून काडतूस अडकते. म्हणून ज्या काडतुसांचा वापर करावयाचा, त्यांनीच पिस्तुलाची पुरेशी चाचणी घेणे आवश्यक असते.

सुरक्षा : खिशात बाळगलेले पिस्तूल दिवसभर शरीराला चिकटून असते आणि बसता-उठता त्याचे तोंड स्वतःच्या मांडीकडे वा पोटरीकडे वळते. त्यामुळे खाली पडले तरी न उडण्याची हमी ही पहिली अट होय. आधुनिक नमुन्यांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय आघातपिन पुढे जाऊ न देणारा अडसर असतो. जुन्या पिस्तुलांत तो बहुधा नसतो. म्हणून वाडवडिलांकडून आलेले शस्त्र भरून खिशात ठेवणे धोक्याचे असते. नव्या शस्त्रांतही दोष राहू शकतो. रुगर कंपनीने २००८ मध्ये आपली एलसीपी पिस्तुले पडल्यावर उडण्याच्या संभवामुळे दुरुस्तीसाठी परत मागविली होती.

दुसरी अट आवरणाची (होल्स्टरची). खिशासाठीचे चामड्याचे वा प्लॅस्टिकाचे आवरण चाप झाकते, पिस्तूल उभे ठेवते, त्याचा बाहेरून दिसणारा आकार लपविते आणि पिस्तूल काढताना स्वतः खिशातच राहते. त्या खिशात दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. किल्ली, नाणे किंवा लेखणी चापाच्या कड्यात शिरून अपघात होऊ शकतो. खिशातील तंतू, धूळ व घाम यांमुळे यंत्रणा जाम होते आणि गंज चढतो. म्हणून ठरावीक काळाने पिस्तूल रिकामे करून पुसणे व काडतुसे तपासणे आवश्यक असते.

सर्वांत मोठा धोका घराच्या उंबरठ्याच्या आत संभवतो. कमरेचे शस्त्र काढून ठेवल्याचे लक्षात राहते. परंतु खुंटीवर टांगलेल्या कोटाच्या खिशातील किंवा खुर्चीवर ठेवलेल्या हातपिशवीतील पिस्तुलाचे भान राहत नाही आणि ते मुलांच्या हाती लागते. अंगावरून काढताच ते कुलुपात ठेवणे हाच त्यावर उपाय होय. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरात अग्निशस्त्र असण्याचा संबंध त्या घरात मनुष्यहत्या घडण्याच्या सु. २·७ पट जोखमीशी असल्याचे आढळले. कॅलिफोर्नियातील २०२० च्या अभ्यासात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये अग्निशस्त्राने आत्महत्येचे प्रमाण ते न बाळगणाऱ्या पुरुषांच्या सु. आठपट व स्त्रियांमध्ये सु. पस्तीसपट दिसून आले. पिस्तूल निवडण्यापूर्वी ते घ्यावे की नाही याचा विचार करताना बाहेरच्या हल्लेखोराइतकाच घरातील माणसांचाही हिशेब करावा लागतो, तो यामुळेच.

कायदा : लहान पिस्तूल लपविता येते, म्हणून कायद्याने त्याच्याकडे नेहमीच अधिक संशयाने पाहिले आहे. न्यूयॉर्क राज्याच्या १९११ च्या सुलिव्हन कायद्याने लपविता येण्याजोग्या अग्निशस्त्रांसाठी परवाना आवश्यक केला. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यान्वये आयात पिस्तुलांसाठी आकारमानाची किमान मर्यादा आली. पीपीके त्यात बसेना, म्हणून वॉल्टर कंपनीने पीपीच्या मोठ्या चौकटीवर पीपीकेची नळी व स्लाइड चढवून पीपीके/एस् हा वेगळाच नमुना तयार केला. पुढे कल उलटला. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना देणे बंधनकारक केले व अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला. निम्म्याहून अधिक राज्यांत आज त्यासाठी परवान्याचीही गरज नाही. याउलट, ग्रेट ब्रिटनमध्ये डनब्लेन येथील शाळेत मार्च १९९६ मध्ये सोळा मुले व त्यांची शिक्षिका यांची हत्या झाल्यानंतर १९९७ च्या कायद्यांनी खाजगी व्यक्तींस पिस्तूल बाळगण्यास जवळजवळ संपूर्ण बंदी केली.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याखेरीज अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे. परवाना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल आवरणात व पूर्णपणे झाकलेले असावे लागते. ९ मिमी. व ०·३८ इंची पिस्तुले सामान्य नागरिकांस निषिद्ध असल्याने येथे निवड बहुधा ०·३२ इंची शस्त्रापुरती उरते. कानपूर येथील सरकारी कारखान्यात तयार झालेले व जानेवारी २०१४ मध्ये विक्रीस आलेले ‘निर्भीक’ हे सु. ५०० ग्रॅ. वजनाचे ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या हातपिशवीत मावेल असे म्हणून पुढे करण्यात आले. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचाराची पार्श्वभूमी त्यामागे होती. त्याची एक लाख रुपयांहून अधिक किंमत व परवान्याची अवघड प्रक्रिया यांमुळे ते सर्वसामान्य स्त्रीच्या आवाक्याबाहेरचे असल्याची टीकाही तेव्हा झाली.

एकंदरीत, सर्वांत लहान पिस्तूल हे सर्वांत योग्य असतेच असे नाही. बाळगणाऱ्याच्या खिशात मावणाऱ्यांपैकी जे त्याला हाताळता येईल एवढे मोठे, ज्याचा चाप नकळत ओढला जाणार नाही आणि ज्याचा सराव तो खरोखर करील, ते योग्य, असे या विषयातील जाणकारांचे सर्वसाधारण मत आहे. या तीन अटींपैकी एकही पुरी होत नसल्यास खिसा रिकामा ठेवणे अधिक सुरक्षित होय.